श्वास रोखायचा नाही, सोडायचा : डायव्हरांचे तलावातले खेळ

गेल्या वर्षावासातल्या एका रविवारी, वंदना आटोपल्यावर, आमच्या देवनारच्या विहारात मोबाइलवरचा एक फोटो हातोहात फिरला. निळ्या तलावाच्या मधोमध एक माणूस मांडी घालून बसलेला. खाली तळाला टेकलेला नाही, वर पृष्ठभागावर आलेला नाही. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा. मुले ओरडली, "बुद्धासारखा बसलाय!" त्यावर पुढच्या रांगेतल्या आजी जराशा रागावल्या. म्हणाल्या, "असले चमत्कार लेकरांना दाखवू नका रे. बाबासाहेबांनी त्यातूनच तर बाहेर काढलं आपल्याला."

फोटोतला माणूस विहाराच्या दारातच उभा होता. आमच्याच वस्तीतला तरुण. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथून तो शिकून आला होता. तो म्हणाला, "आजी, यात चमत्कार नाही. फुप्फुसं आहेत."

त्या एका वाक्यावर आमची पुढची तीन रविवारची बैठक झाली. या महिन्याचे आरोग्याचे पान त्याच बैठकींमधून आले आहे. मालवणला जाऊन पाण्याखाली मासे बघणे आपल्यापैकी किती जणांच्या खिशाला परवडते, हा प्रश्न रास्त आहे. पण हे डायव्हर समुद्रात उतरण्यापूर्वी तलावात जे खेळ खेळतात, त्यातले निम्मे खेळ टाकीशिवाय, कमरेइतक्या पाण्यात, आपल्या मुलांना खेळता येतात. आणि आपली मुले सध्या पाण्यात जो खेळ खेळतात, तो जीव घेणारा आहे. आधी फोटोचे कोडे सोडवू, मग त्या खेळाकडे येऊ.

पाण्यात गेलेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी उचल तिला मिळते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आर्किमिडीजच्या नावाने हे सर्वांनी पाठ केलेले असते. डायव्हर कमरेला वजने बांधतो आणि अंगातल्या जाकिटात थोडी हवा भरतो. दोन्हींचा मेळ असा घालतो की शरीर वरही जाऊ नये आणि खालीही. शेवटचा बारीक हिशेब मात्र फुप्फुसे करतात. एक लिटर जास्त हवा आत घेतली की साधारण एक किलोची उचल वाढते. श्वास घेतला की माणूस सावकाश वर सरकतो, सोडला की खाली. अडचण अशी की हे लगेच होत नाही. श्वास घेतल्यावर शरीर हलायला दोन-तीन क्षण लागतात. नवखा माणूस तेवढा दम धरत नाही. काही होत नाही म्हणून आणखी हवा ओढतो आणि बुचासारखा वर उडतो. मग घाबरून सगळी हवा सोडतो आणि तळाला आदळतो. ज्याला श्वास लहान आहे की मोठा, आत येतोय की बाहेर जातोय, याकडे शांतपणे लक्ष देता येते, तोच मांडी घालून स्थिर राहतो. विहारात आनापानसतीचा सराव केलेल्या मुलांना हे आम्ही वेगळे समजावून सांगायला नको. जगभरातले कितीतरी प्रशिक्षक या आसनाला गमतीने 'बुद्धा हॉवर' म्हणतात. नाव ऐकून आम्हाला बरे वाटले, पण एवढ्यावरून धम्म पाण्याखाली पोहोचला असे समजायचे कारण नाही. आजींनीही शेवटी मान्य केले की हे विज्ञान आहे, आणि मग विचारले, "मला शिकवशील का?"

आता मुलांचा खेळ. दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही वस्तीतली काही मुले पोहायला घेऊन गेलो होतो. नववीतला एक मुलगा आणि त्याचा मित्र, दोघांत पैज लागली : पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो? दोघांनी काठावर उभे राहून भराभर दहा-पंधरा मोठे श्वास घेतले. कुठल्याशा व्हिडिओत पाहिले होते म्हणे. मित्र वर आला. हा आला नाही. आम्ही काठावर बसून डबे उघडत होतो, आणि आम्हाला वाटले, पोरगा जिंकतोय. ना आवाज, ना हातपाय मारणे, ना पाण्याची उसळी. मित्राने खाली हात घालून त्याला ओढले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तो वाचला. चूक आमचीच होती, आणि म्हणूनच ही गोष्ट इथे लिहितो आहोत.

त्याला काय झाले होते? श्वास कोंडला की जी घुसमट होते, ती प्राणवायू संपला म्हणून होत नाही. शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, तोच मेंदूला "श्वास घे" असे ओरडून सांगतो. भराभर मोठे श्वास घेतले की प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर फेकला जातो. म्हणजे घंटा वाजवणाराच आपण घराबाहेर काढला. मग पाण्याखाली प्राणवायू संपत जातो, घुसमट होत नाही, आणि माणूस दिवा विझावा तसा शुद्ध हरपतो. चांगल्या पोहणाऱ्यांनाही हे होते, किंबहुना त्यांनाच जास्त, कारण पैज तेच लावतात. गुडघ्याएवढ्या पाण्यातही हे होऊ शकते. म्हणून घरोघरी सांगा : पाण्यात श्वास कोंडण्याची पैज नाही, आणि पाण्यात शिरण्याआधी भराभर श्वास नाही.

डायव्हरांचा पहिला नियम नेमका उलट आहे. टाकीतून श्वास घेणाऱ्याने श्वास कधीही रोखायचा नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. तिथे टाकीतल्या हवेने फुगा भरला आणि तोंड बांधून वर सोडला, तर पृष्ठभागाशी येईपर्यंत तो दुप्पट फुगतो. फुप्फुसे म्हणजे असेच फुगे. खाली भरलेला श्वास कोंडून वर आले तर ती फाटू शकतात, आणि हे दीड-दोन मीटर खोल तलावातही घडू शकते. म्हणून टाकी आणि नळी हे प्रशिक्षकाशिवाय हात लावायचे खेळणे नाही, तलावातही नाही. टाकी नसलेल्या मुलांना फुप्फुसे फाटण्याची ही भीती नाही, पण सवय तीच लावायची : तोंड पाण्यात गेले की बुडबुडे सुरू.

खेळ कसे असतात

पावसाळ्यात मालवणचा समुद्र डायव्हरांना बंद असतो. थंड देशांत हिवाळ्यात तीच गत. मग हात गंजू नयेत म्हणून ही मंडळी तलावात जमतात आणि लहान मुलांसारखी खेळतात. 1954 साली इंग्लंडमध्ये साउथसीच्या एका डायव्हिंग क्लबात ॲलन ब्लेक यांनी याच कारणासाठी पाण्याखालची हॉकी काढली. हातभरही नसलेली काठी, तळावर सरकणारी जड चकती, आणि खेळाडू दर काही क्षणांनी श्वासाला वर. आज ती कितीतरी देशांत खेळली जाते. कोणी तळाशी दोरीची चौकट आखून वजनाच्या चकत्यांनी फुली-गोळा खेळतात. कोणी चमच्यात चेंडू ठेवून पाण्याखाली लिंबू-चमचा लावतात. कोणी वेगवेगळ्या उंचीवर टांगलेल्या कड्यांमधून, कड्याला अंग न लावता पार होतात. मुखवटा काढून, डोळे मिटून, दोरीला धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. मुखवट्यात मुद्दाम पाणी भरतात आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढतात. एकाची हवा संपली असे धरून जोडीदाराच्या दुसऱ्या नळीतून श्वास घेतात. हसत हसत, शंभर वेळा. म्हणजे समुद्रात खरोखर मुखवट्यात पाणी शिरले तर हात आपोआप चालतात, मन घाबरत नाही.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. गंमत म्हणून पाण्याखाली जाणाऱ्या माणसाजवळ हवेची टाकी असते, किती हवा उरली ते दाखवणारा काटा असतो, तोंडातली नळी निकामी झाली तर दुसरी नळी असते आणि शेजारी जोडीदार असतो. आपल्या माणसांना गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरवले गेले ते एका दोरीवर. 2013 च्या कायद्याने हे बंद केले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना 10 लाख देण्याचा आदेश दिला आणि 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. माणसे तरीही मरतात, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. "टाकी आणि जोडीदाराशिवाय खाली जायचे नाही" हा नियम श्रीमंतांच्या खेळात इतका पक्का आहे, तो पोटासाठी उतरणाऱ्याला का लागू होत नाही, हे आमच्या बैठकीत एका सफाई कामगार उपासकाने विचारले. उत्तर कोणाकडे नव्हते.

आपल्या मुलांसाठी

तलावात काय आणायला परवानगी आहे ते तिथल्या प्रशिक्षकाला आणि जीवरक्षकाला आधी विचारा. मुलाचे पाय तळाला टेकून मान बाहेर राहील एवढ्याच पाण्यात हे सगळे करायचे. आणि प्रत्येक खेळ जोडीने : एक पाण्यात, दुसरा उभा राहून फक्त त्याच्याकडे बघणारा. डायव्हर एकटा कधी उतरत नाही, मग आपले पोर का उतरावे?

सुरुवात बुडबुड्यांनी. काठ धरून, तोंड पाण्यात घालून लांब श्वास सोडायचा. आमच्याकडच्या पोरांनी याला 'माशाशी गप्पा' असे नाव दिले. ज्याचे बुडबुडे संथ आणि जास्त वेळ चालतील तो हुशार, पण श्वास घ्यावासा वाटला की त्याच क्षणी वर. हे जमले की पाण्याची अर्धी भीती जाते. बुडणारा माणूस घाबरून हवा आत कोंडून ठेवतो, डोके वर काढले की आधी ती सोडण्यात वेळ घालवतो आणि मग घोटात पाणी ओढतो. सोडायची सवय असलेल्याचे तसे होत नाही.

मग तरंगणे. पाठीवर, हातपाय पसरून, कान पाण्यात, नजर आभाळाकडे. जोडीदाराने मानेखाली एक तळहात ठेवायचा. छाती भरली की पोट वर येते, सोडली की पाय खाली जाऊ लागतात, हे मुलाला स्वतः जाणवू द्या. त्या तरुणाने पाण्यात मांडी घालून केले तेच हे, फक्त टाकीविना. काही सडपातळ मुले तरीही बुडतात. त्यांना "तुला जमत नाही" म्हणू नका. हाडे-स्नायू जास्त आणि चरबी कमी असली की पाणी कमी उचलते, एवढेच. त्यांनी हात हलके हलवत ठेवले की पुरते.

सर्वांत जास्त हसू आले ते खुणांच्या खेळात, आणि तो आम्ही विहाराच्या अंगणात कोरड्या जमिनीवरच खेळलो. पाण्यात बोलता येत नाही. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो, म्हणून तो कुठून आला हेही कळत नाही. सगळे हातांनी. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की "मी ठीक आहे". अंगठा वर केला की "छान" असा अर्थ नाही, "वर चला" असा आहे. तळहात आडवा धरून हलवला की "काहीतरी बिघडले आहे". गळ्यावरून आडवा हात फिरवला की "हवा संपली". एकाने खूण करायची, समोरच्याने ती पाळायची, चुकला तो बाद. अंगठा वर केल्यावर पहिल्या फेरीत सगळीच मुले खुशीत अंगठा वर करून उभी राहिली आणि सगळीच बाद झाली! पण यातून एक काम झाले. आता तलावावर आमची मुले दर थोड्या वेळाने एकमेकांना गोल करून विचारतात. ज्याचे उत्तर येत नाही त्याच्याकडे लगेच धावायचे, हे त्यांना सांगावे लागत नाही.

खजिना शोधणे हा मुलांचा आवडता. छातीइतक्या पाण्यात स्टीलचे चमचे किंवा रबरी कडी टाकायची, एका बुडीत एकच वस्तू. चार वस्तू एकदम आणण्याची हाव नको, तीच पुन्हा श्वास कोंडायला लावते. प्रत्येक बुडीनंतर दहा शांत श्वास, मग पुढची बुडी. पाण्याखालची वस्तू काचेतून जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने मोठी आणि जवळ दिसते, त्यामुळे पहिल्यांदा सगळ्यांचा हात रिकाम्या पाण्यातच पडतो. कानात दडा बसला तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, जोर करायचा नाही, तरी दुखले तर वर यायचे. पोहण्याचा साधा गॉगल घालून मात्र खोल बुडी नको. त्यात नाक झाकलेले नसते, आत हवा सोडता येत नाही, आणि दाबाने काच डोळ्यांवर घट्ट बसते. डायव्हरचा मुखवटा नाकासकट असतो तो यासाठी.

तब्येत पाहून

आपल्या भागात टीबी किती घरांत येऊन गेला आहे हे सांगायला नको. टीबी पूर्ण बरा झालेला माणूस डॉक्टरांना विचारून पोहू शकतो, पोहण्याने दम वाढतोच. उपचाराच्या सुरुवातीला, डॉक्टर सांगेपर्यंत, तलावावर जाऊ नये. पण स्कूबाची गोष्ट वेगळी. टीबीने फुप्फुसात व्रण किंवा पोकळी राहिली असेल तर त्या जागी हवा अडकते, आणि वर येताना ती फुगून फुप्फुस फाटू शकते. दम्याच्या रुग्णालाही हीच भीती. मालवणला सहलीला गेल्यावर होडीवर एक छापील कागद भरायला देतात, त्यात आजारांची विचारणा असते. घाईत सगळीकडे "नाही" लिहून सही ठोकू नका. फिट येणाऱ्याने स्कूबा करूच नये, आणि पोहायचे तर सोबत एक माणूस हाताच्या अंतरावर हवा. कान वाहत असेल, पडदा फाटलेला असेल, जोराची सर्दी असेल तर बुडी नको. पाळी आली म्हणून मुलीने तलाव सोडावा असे काही वैद्यकीय कारण नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरता येत असेल तर ती पोहू शकते, नसेल तर त्या चार दिवसांत काठावर बसून नजर ठेवण्याचे काम तिला द्या. विटाळ हा शब्द आपण महाडलाच मागे टाकून आलो.

महाडचे नाव आले ते ओघाने नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा 1923 चा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव होता, 1924 चा महाड नगरपालिकेचा ठराव होता, आणि तरीही तळे बंदच होते. हक्क कागदावर आला की तो आपोआप हातात येत नाही, उतरावे लागते. न्यायालयात ते प्रकरण 17 मार्च 1937 पर्यंत चालले. याच मुंबईत ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे फक्त युरोपियनांसाठी होता. आज संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या अशा कुठल्याही जागी जातीवरून कोणाला अडवता येत नाही. चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलाव महापालिकेचा आहे, म्हणजे आपला आहे.

आमच्या आजी-आजोबांपैकी बहुतेक 1972 च्या दुष्काळात मराठवाडा-विदर्भातून इथे आले. गावातल्या इतर मुलांना कोणी पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत ढकलले आणि पोहायला शिकवले. आपल्या माणसांना त्या विहिरीवर जाताच येत नव्हते. पोहणे न येणे हा आपला स्वभाव नव्हे, ते आपल्याकडून काढून घेतलेले आहे. दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली कितीतरी लेकरे दादरच्या चौपाटीवर आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघतात आणि धावत आत शिरतात. त्यांच्या आईबापांच्या चेहऱ्यावरची भीती आम्ही दरवर्षी पाहतो.

तरी खरे बोलायचे तर चेंबूरचा तलाव अंतराने जवळ असला तरी खर्चाने लांब आहे. सभासद शुल्क, डॉक्टरांचा दाखला, नायलॉनचा पोशाख आणि टोपी, सुती कपडे घालून उतरू देत नाहीत. दोन मुलांचा खर्च एका घराला जड जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महापालिका आपल्या तलावांवर काही दिवसांचे प्रशिक्षणवर्ग घेते, त्याची नोंदणी लवकर भरते, म्हणून मार्चपासूनच चौकशी करा. आम्ही भीमजयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून चार मुलांची फी भरली, त्यात दोन मुली. डीजे एक तास आधी बंद केला तर आणखी किती मुलांची भरता येईल, याचा हिशेब आम्ही मंडळापुढे ठेवला आहे. तो अजून मंजूर व्हायचा आहे. काही बुजुर्गांना तो आवडलेला नाही, हेही सांगून टाकतो.

मुलींच्या बाबतीत घरातून विरोध येतो तो पोशाखावरून. एका आईने आम्हाला सांगितले, "अंग दिसतं." दुसरी म्हणाली, "पुरात मुलगी गेली तर कोण बघणार अंग?" 26 जुलै 2005 चा पाऊस ज्यांनी बघितला आहे त्यांना दुसरीचे बोलणे लगेच कळले. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाखही मिळतो. तलावावर तो चालतो का ते विचारा आणि तोच घ्या.

साडीची दोरी

जगात दरवर्षी सुमारे 3 लाख माणसे बुडून मरतात आणि बुडण्याचा सर्वांत मोठा धोका एक ते चार वर्षांच्या मुलांना असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वयाची मुले समुद्रात नव्हे, घरातही बुडतात. आपल्याकडे नळाला ठरावीक वेळच पाणी येते, म्हणून प्रत्येक दारात पिंप, ड्रम, बादल्या भरून ठेवलेल्या. वर्षाचे पोर बादलीत डोकावते, डोके जड असते, तोल जातो आणि परत वर येता येत नाही. झाकण घट्ट लावा, झाकण नसेल तर फळी आणि तिच्यावर जड दगड ठेवा, रिकामी बादली पालथी घाला.

बाहेर, खाडीच्या कडेला, नाल्यात किंवा खदानीच्या पाण्यात कोणी बुडत असेल तर पोहता येत असले तरी उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. काठी, बांबू पुढे करा. दोरी फेका. रिकामा पाण्याचा कॅन झाकण लावून फेका. दोरी नसेल तर साडी. आम्ही तीही विहाराच्या अंगणात करून पाहिली : एका टोकाला गाठ, गाठीत थोडे पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली, म्हणजे ती हवेत भरकटत नाही. दुसरे टोक हाताला गुंडाळायचे नाही, मुठीत धरायचे आणि खाली बसून ओढायचे. उभे राहिले तर आपणच आत जातो.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, गोल फिरवणे, हे सगळे गावाकडून आलेले आहे आणि घातक आहे. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी फुप्फुसात उतरते. श्वास चालू आहे का बघा. नसेल तर एकाने 108 ला फोन करावा, दुसऱ्याने डोके मागे कलवून, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोराने आणि भराभर 30 दाब, पुन्हा दोन श्वास, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही. बुडालेल्याला आधी श्वास लागतो, हे लक्षात ठेवा. शुद्धीवर आला तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्या, फुप्फुसांत गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

त्या अंगणातल्या सरावात दहा मीटरवर ठेवलेल्या घमेल्यात बाटली टाकायची होती. तरुण पोरांची सगळी नेमबाजी इकडे-तिकडे गेली. "मला शिकवशील का" म्हणणाऱ्या त्या आजींनी नऊवारीचा काष्टा खोचला आणि तिसऱ्या फेकीत बाटली घमेल्यात टाकली. शेतात गोफण चालवली आहे म्हणाल्या. ती साडी आणि बाटली आता विहाराच्या दारामागच्या खुंटीला टांगलेली असते. दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला सराव असतो, घमेले आम्ही आणतो.